कोडवरचा हक्क, कामावरचा हक्क



1983 साली फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयात एक खटला उभा राहिला. फ्रँकलिन नावाच्या कंपनीनं ‘एस 100’ हा संगणक बाजारात आणला होता आणि अ‍ॅपल-टूसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर बिनबोभाट चालत. चालणारच, कारण अ‍ॅपलचे मूळचे प्रोग्रॅम फ्रँकलिननं सरळ उतरवून घेतले होते. पुराव्यासाठी फार खणावं लागलं नाही. फ्रँकलिनच्या डिस्कवरच्या एका प्रोग्रॅममध्ये अ‍ॅपलच्या एका प्रोग्रॅमरचं नाव तसंच राहून गेलं होतं, शिवाय ‘अ‍ॅपलसॉफ्ट’ हा शब्दही. शेजाऱ्याचा पेपर उतरवताना त्याचा आसन क्रमांकही उतरवावा, त्यातलाच हा प्रकार!

फ्रँकलिननं नक्कल नाकारली नाही. त्यांचं म्हणणं असं, की चिपमध्ये बसवलेले शून्य आणि एक हे आकडे कोणी माणूस वाचत नाही, ते यंत्राचे सुटे भाग आहेत. त्यांना साहित्याचा हक्क कसला? युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. खालच्या कोर्टानं अ‍ॅपलला तात्पुरता मनाई हुकूम नाकारला होता. अपिलात मात्र पारडं फिरलं. माणसाला वाचता येवो न येवो, कोड हे लेखनच आहे, असा निर्णय झाला.

त्याच सुमारास टेक्ससमधल्या कॉम्पॅकनं दुसरी वाट काढली. आयबीएमच्या पीसीमधला, यंत्र सुरू करून देणारा बायॉस हा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. आयबीएमनं त्याचा कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापूनच टाकला होता. म्हणजे ज्यानं तो वाचला, त्याच्यावर नकलेचा संशय येणार हे ठरलेलं. म्हणून कॉम्पॅकनं दोन गट केले. एका गटानं बायॉस काय काय करतो ते तपासून लिहून काढलं. दुसऱ्या गटातल्या कोणीही तो कोड पाहिलेला नव्हता. त्यांनी ते टिपण समोर ठेवून सगळं नव्यानं लिहिलं. काम तेच, लेखन वेगळं. पीसीची बाजारपेठ पुढे एकट्या आयबीएमची राहिली नाही, त्यात या खटाटोपाचा वाटा मोठा आहे.

सॉफ्टवेअरच्या संरक्षणाचा सगळा कायदा या दोन गोष्टींच्या मधे मावतो. लेखन उचलता येत नाही. ते लेखन जे काम करतं, ते दुसऱ्यानं आपल्या हिकमतीवर करून दाखवलं तर कॉपीराइट आड येत नाही. आपल्या धंद्यातले अनेक जण, त्यात वकीलही आले, ही फट बुजवायला निघालेले दिसतात. या परिषदेचा अध्यक्ष म्हणून माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे.

याच फटीवरून गूगल आणि ओरॅकल यांचं भांडण 2010 ते 2021 चाललं. ओरॅकलच्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सुमारे 28 लाख 60 हजार ओळींपैकी साडेअकरा हजार घोषणा-ओळी गूगलनं अँड्रॉइडसाठी घेतल्या होत्या, जेणेकरून जावा येणाऱ्याला नव्यानं मुळाक्षरं गिरवावी लागू नयेत. त्यातच ‘रेंजचेक’ नावाचं नऊ ओळींचं एक फंक्शन जसंच्या तसं आलेलं सापडलं. खालच्या कोर्टातले न्यायमूर्ती अल्सप स्वतः प्रोग्रॅमिंग करणारे. असला कोड आपण कितीतरी वेळा लिहिलाय, असं त्यांनी भर कोर्टात ऐकवलं. अखेर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या वापराला ‘फेअर यूज’, म्हणजे रास्त वापर, ठरवलं. त्या ओळींवर मुळात कॉपीराइट आहे की नाही, या प्रश्नाला मात्र त्यांनी शिताफीनं बगल दिली.

हाच खटला मुंबईत चालला असता तर? 1957च्या कॉपीराइट कायद्यानं 1984च्या दुरुस्तीपासून प्रोग्रॅमला साहित्यकृतींच्या पंगतीत बसवलं आहे. पण कलम 52 मधल्या ‘फेअर डीलिंग’च्या पहिल्याच सवलतीतून प्रोग्रॅम नावानिशी वगळले आहेत. कादंबरीच्या समीक्षकाला जी मोकळीक आहे, ती कोडच्या समीक्षकाला नाही. त्याच्यासाठी वेगळी पोटकलमं आहेत: बॅकअप प्रत, अभ्यास आणि चाचणी, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यापुरती माहिती मिळवणं. यातली शेवटची सवलत मराठी प्रकाशकांच्या थेट उपयोगाची आहे. युनिकोड रुळण्याआधीची पुस्तकं ज्या फॉन्टांत जुळवली गेली, त्यांची अक्षरांची सांकेतिक मांडणी कंपनीगणिक वेगळी होती. आज अशा पुस्तकाची फाइल उघडली की ‘क’च्या जागी भलतंच चिन्ह दिसतं. जुनं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं असेल आणि ती मांडणी दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर ती उलगडून रूपांतराचा प्रोग्रॅम लिहायला हे पोटकलम आधार देतं. ते फारसं कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

पेटंटचं दार आपण अर्धवट लावून ठेवलं आहे, ते तसंच राहावं. नुसता प्रोग्रॅम, अल्गोरिदम, धंद्याची पद्धत यांना पेटंट कायद्याचं कलम 3(के) पेटंट देत नाही. 2004च्या अध्यादेशानं ते दार किलकिलं केलं होतं. 2005 साली संसदेनं कायदा करताना तो बदल गाळला. ‘तांत्रिक परिणाम’ दाखवणाऱ्या शोधाला वाव आहेच, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 2019 मध्ये फेरिद अलानी प्रकरणात तेच अधोरेखित केलं.

कॉपीराइटच्या मुदतीचं काय? लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं! पंचविशीतल्या पोरीनं आज लिहिलेला पगारपत्रकाचा कोड पुढच्या शतकातही राखीव असेल. तो चालवणारं यंत्र तेव्हा कुठल्या भंगारात असेल कोण जाणे.

आता रोजच्या व्यवहाराचं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची. पण पुण्यात घरी बसून एखाद्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप लिहून देणारा फ्रीलान्सर नोकर नसतो. डॉक्टरनं पैसे मोजले म्हणून कोड आपोआप डॉक्टरचा होत नाही. हक्क लेखी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम 19 ती पाच वर्षं धरतं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच गेला असं मानतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेल्या कामांत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. सहाव्या वर्षी डॉक्टर दुसऱ्याकडून अ‍ॅप बदलून घ्यायला जातो आणि पहिला माणूस हक्क सांगत उभा राहतो. आपल्या परिषदेनं दोन पानी मराठी करारनामा तयार करून वाटावा: कोड कोणाचा, किती वर्षं, कुठपर्यंत, आणि त्यात वापरलेले मुक्त-स्रोत भाग कोणत्या परवान्याखालचे. मसुदा समितीची नावं आज दुपारच्या सत्रात ठरावीत, अशी सूचना अध्यक्षस्थानावरून मांडली आहे.