तुलना कोणत्या वावराशी?



मृगाच्या आधी वऱ्हाडातल्या कृषी सेवा केंद्रांच्या भिंती रंगू लागतात. पोस्टरवर बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी, शेजारी हसरा शेतकरी आणि खाली ठळक अक्षरांत एकरी क्विंटलांचा आकडा. आकडा कदाचित खराही असेल. तो कशाच्या तुलनेत, एवढं मात्र पोस्टर सांगत नाही. तेच वाण, त्याच वर्षी, त्याच जमिनीत, पोस्टरवरचं औषध न फवारता किती पिकलं असतं? नियंत्रित प्रयोगाची सारी शिस्त या एका प्रश्नापायी उभी राहिली आहे आणि तिच्या इतिहासात वऱ्हाडच्या कापसाचंही एक पान आहे. अकोल्यात बोलताना ते उघडायलाच हवं.

जमिनीतला फरक पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, पाऊस उघडला तरी लवकर वाफसा येत नाही. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा. एकाच वावरातही धुऱ्यालगत गाळ साचलेला असतो आणि वरच्या अंगाला चुनखड लागते. अशा वावरात अर्ध्यात नवं खत आणि अर्ध्यात जुनं टाकलं, तर परीक्षा खताची झाली की मातीची? शेजाऱ्याच्या शेताशी तुलना तर त्याहून फसवी. नवं बियाणं सर्वांत आधी घेणाऱ्याचं निंदण-डवरणही बहुधा वेळेवर झालेलं असतं आणि त्याच्याकडे पाण्याची सोयही असते. श्रेय मात्र पिशवीला जातं.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच घोळ होता. त्यांनी काढलेला मार्ग १९३५ च्या त्यांच्या प्रयोगरचनेवरील पुस्तकात सविस्तर आला. खताच्या चार मात्रा तपासायच्या आहेत असं समजा. जमीन जिकडे बदलत जाते त्या दिशेला आडवे गट पाडायचे, म्हणजे एका गटातली माती शक्यतो सारखी राहते. प्रत्येक गटात चारही मात्रा आल्याच पाहिजेत. कोणती मात्रा कोणत्या वाफ्यात, हे चिठ्ठी ठरवणार, आणि दर गटासाठी चिठ्ठ्या नव्यानं टाकायच्या. वेचणीच्या वेळी वाफ्याच्या कडेच्या ओळी हिशेबातून वगळायच्या, कारण शेजारच्या वाफ्याचं खत तिथवर पोचतं. यात चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची. शास्त्रज्ञालाही स्वतःचं वाण लाडकं असतं आणि लाडक्याला बरी जागा देण्याचा मोह हाताला नकळत होतो.

त्याच रॉथमस्टेडमध्ये रा. जे. कळमकर नावाचे मराठी संशोधक काम करत होते. १९३२ मध्ये त्यांचे बटाटा आणि गहू यांच्यावरचे निबंध प्रसिद्ध झाले. बटाट्याच्या शेतात सगळीकडे एकच लागवड, एकच मशागत. काढणी मात्र लहान लहान तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याचं वजन वेगळं. काहीही वेगळं न करता केलेला प्रयोग! एकट्या मातीमुळे उत्पन्न किती हलतं, याचं माप त्यातून मिळतं. ते माप हाताशी नसेल तर दोन वाणांतल्या फरकाला अर्थ देता येत नाही.

चाळीसच्या दशकात कळमकर आणि विनायक गोविंद पानसे यांनी हीच दृष्टी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कापसाच्या शेतांत आणली. तोवर पिकाचा अंदाज म्हणजे नजरेची आणेवारी: गावच्या कारभाऱ्यांनी पीक पाहायचं आणि आणे ठरवायचे. नव्या पद्धतीत गाव, शेत आणि शेतातला तुकडाही यादृच्छिक आकड्यांनी निवडायचा आणि त्यातला माल तोलायचा. ज्वारी एकदाच कापून मोकळं होता येतं. कापसाची बोंडं मात्र एकदम फुटत नाहीत, म्हणून आखलेल्या त्याच तुकड्यात दर वेचणीला परत जावं लागतं. एक वेचणी चुकली की आकडा गेला.

तुकडा केवढा असावा, हा वाद वरकरणी क्षुल्लक, पण त्यावर मोठमोठी माणसं भांडली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की फार लहान तुकडे घेतले तर उत्पन्न फुगून दिसतं. तुकडा आखायच्या दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणारा ते आत घेतो. तुकडा जितका लहान, तितका अशा झाडांचा वाटा मोठा. यात लबाडी कुणाचीच नसते, तरी हिशेब चुकतो. पुढे १९५४ मध्ये पानसे-सुखात्मे यांचं शेतीसंशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक आलं आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं.

अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या काळ्या जमिनीवर १९८८ पासून ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत-प्रयोग चालू झाला. त्यात काहीच खत न देण्याचे वाफेही आहेत. वर्षानुवर्षं उपाशी ठेवलेला वाफा पाहुण्यांना दाखवायला कुणाला आवडेल? पण रासायनिक खत आणि शेणखत यांच्या जोडीनं काय साधलं, हे त्या उपाशी वाफ्यावाचून कळत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीचा वाद याच कसोटीवर घासायला हवा. समर्थक यशस्वी शेतकऱ्यांची नावं सांगतात, विरोधक फसलेल्यांची. दोन्ही याद्या निरुपयोगी. बीजामृत, जीवामृत, आच्छादन हे सगळं एकदम केलं आणि पीक साधलं, तर काम कशानं केलं? कदाचित एकट्या आच्छादनानं, ओल टिकवून. तीन गोष्टी ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा जोडल्या की आठ प्रकार होतात. आठही प्रत्येक गटात चिठ्ठीनं मांडले, तर तिन्हींचा वेगवेगळा आणि एकत्रित परिणाम एकाच प्रयोगात दिसतो. यात कोरडवाहू वऱ्हाडातली निरनिराळी पावसाची वर्षं यायला हवीत. एका चांगल्या पावसाळ्याच्या भरवशावर निकाल देणं मला पटत नाही.

सभागृहात कृषी विस्ताराचं लेखन करणारे बरेच आहेत, म्हणून एक व्यावहारिक सूचना. पीक कापणी प्रयोगावर आज विम्याची भरपाई अवलंबून असते आणि उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेले उत्पन्नाचे अंदाजही शेवटी याच कापणीशी ताडून पाहावे लागतात. त्यामुळे बातमी लिहिताना हेक्टरी किलोचा आकडा उतरवून थांबू नका. शेत कोणत्या आकड्यानं निवडलं, ठरलेलं शेत सोडून दुसरं घेतलं का, घेतलं असेल तर कारण काय लिहिलं आणि कापसाच्या किती वेचण्या तोलल्या, हे विचारा आणि छापा. विद्यापीठांनीही शिफारशीपर्यंत न पोचलेल्या चाचण्यांचे आकडे दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावेत. तसा ठराव याच अधिवेशनात मांडण्याची मी विनंती करतो.