सर्पगंधेचा धडा



वनौषधींच्या अभ्यासकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. मी मात्र आज एकाच मुळीविषयी बोलणार आहे: सर्पगंधा आणि तिच्यातले रेसरपिन हे औषधी द्रव्य.

बिहारमध्ये ही मुळी वेडावरचे औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची होती. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो, असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी तिच्यातली अल्कलॉइडे वेगळी करत होते. तरीही जगाने फारशी दखल घेतली नाही.

ती घेतली गेली 1949 मध्ये, आणि त्याचे श्रेय मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांना जाते. 50 रुग्णांचा उपचारापूर्वीचा आणि नंतरचा रक्तदाब त्यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. मुळी तीच होती. तिच्यामागे आता आकडे उभे राहिले होते. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत रेसरपिन शुद्ध रूपात हाती आले. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरचा त्याचा परिणाम प्रसिद्ध केला आणि 1956 मध्ये रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी तो रेणू प्रयोगशाळेत घडवला.

मला महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा भाग. सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन ही रसायने चेतापेशी सूक्ष्म पिशव्यांत साठवतात. रेसरपिन ती साठवण बंद पाडते. साठा आटतो, रक्तदाब उतरतो, माणूस शांत होतो. पण काही रुग्ण खिन्न झाले, काहींच्या हालचाली मंदावल्या, अंग ताठरले. खिन्नतेचा संबंध किती पक्का, यावर आजही वाद आहे. अंगाचा ताठरपणा मात्र फार मोठे काही शिकवून गेला. रेसरपिनने निश्चल झालेल्या सशांना संशोधक आर्विद कार्लसन यांनी एल-डोपा, म्हणजे शरीरात ज्यापासून डोपामिन बनते ते द्रव्य, दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. त्यातून पार्किन्सनच्या उपचाराची वाट निघाली आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळाले. औषधाचा दोष कुणी झाकून ठेवला असता, तर हे ज्ञान हाती आले नसते.

आज आपल्याकडे नेमके उलटे घडते. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असे छापून बाटल्या विकल्या जातात. सर्पगंधा नैसर्गिकच आहे, आणि जपून न दिल्यास तिचा अपायही होतो. शिवाय औषध मुळात असल्याने मुळी खणली की झाड जाते. म्हणूनच तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातील वन्य प्रजातींविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे. ती लागवडीतूनच घ्या, रानातून उपटू नका.

आणि मित्रहो, वहीत दोन रकाने ठेवा: एक गुणाचा, एक अपायाचा. पहिला आपण हौसेने भरतो. दुसरा कोरा राहिला, तर पहिल्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पुढल्या परिषदेत औषधाचा गुण न आलेल्या रुग्णांवर जो निबंध वाचेल, त्याला पहिले सत्र द्या, अशी संयोजकांना माझी विनंती आहे.