मुद्रा, मोर्तब आणि संगणक



संगणकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या कार्यालयांतून चर्चा परवलीच्या शब्दापाशी थांबते. तो गुप्त राखावा, चिठ्ठीवर लिहून मेजाच्या काचेखाली ठेवू नये, हे खरेच. परंतु कोणाचाही परवलीचा शब्द न चोरता जाळ्यात शिरता येते, त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

मराठेशाहीतील राजपत्रांवर आरंभी मुद्रा व शेवटी मोर्तब असे. पत्राची पारख त्या ठशांवरून होई. संगणकाची रीत फारशी निराळी नाही. एकदा आपली ओळख पटली की सर्व्हर आपणांस 'टोकन' नावाचा परवाना देतो व त्यावर गुप्त किल्लीने स्वाक्षरी करतो. पुढे दारोदारी पाहिला जातो तो हा परवानाच. मुद्राच चोराच्या हाती पडली, तर तो वाटेल त्याच्या नावे परवाना करील आणि पारखणाऱ्यास तो अस्सलच दिसेल.

२०२३ साली हेच घडले. मायक्रोसॉफ्टची २०१६ मधील एक किल्ली चीनशी संबंधित हल्लेखोरांच्या हाती गेली. ती खाजगी ग्राहकांच्या खात्यांपुरती होती. पण पडताळणीतील दोषामुळे तिचे परवाने सरकारी खात्यांनाही चालले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातूनच सुमारे ६०,००० ई-मेल गेले. किल्ली कशी गेली, हे तेथील चौकशी मंडळाला २०२४ च्या अहवालातही ठरविता आले नाही. जुन्या किल्ल्या बदलण्याचे काम मात्र कंपनीने २०२१ मध्येच थांबविले होते, हे त्यात नमूद आहे. किल्लीला मुदत नसावी, याचे नवल वाटते.

हल्ला उघडकीस आला तो जून महिन्यात, त्याच परराष्ट्र खात्यातील कर्मचाऱ्यांच्या दक्षतेने. टपालपेट्या कोणी व कशा उघडल्या याच्या सविस्तर नोंदी ते तपासत असत. त्या काळी या नोंदींसाठी जादा शुल्क पडे. ज्यांनी ते भरले नव्हते, त्यांच्यापाशी पाहावयास काही नव्हतेच.

आपल्याकडे 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने अशा नोंदी १८० दिवस जपणे आणि घटना कळताच सहा तासांत वर्दी देणे बंधनकारक केले आहे. नोंदी साठतात, पण वाचतो कोण? आपापल्या शाखेत हे काम कोणाकडे सोपविले आहे, त्याचे नाव प्रत्येक शाखाप्रमुखांनी पुढील बैठकीस येताना लेखी आणावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.