आवराआवर आणि बक्षीस



मुलांना टापटिपीची सवय कशी लावावी, यावर बोलण्याआधी माझी स्वतःची फजिती सांगतो. धाकट्या मुलाने दारातल्या चपला ओळीत लावल्या की मी त्याला दोन रुपये देत असे. आठ दिवस दार कसे आरशासारखे! नवव्या दिवशी पाहतो तर चिरंजीव लावलेल्या चपला स्वतःच विस्कटून पुन्हा लावीत होते. चूक त्याची नव्हती. मी चपलांचे नव्हे, रुपयांचे शिक्षण दिले होते.

1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रे काढल्यास बक्षीस मिळेल, असे आधी कबूल केलेल्या मुलांनी पुढे आपण होऊन चित्रे काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवला. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. आता चित्रे मुलांना मुळातच आवडतात, आवराआवर आवडत नाही, हा फरक मला मान्य आहे. म्हणून सुरुवातीला एखादी लिमलेटची गोळी देण्यास हरकत नाही. पण ती आधी कबूल करू नये.

आपल्या दादरला ताराबाई मोडक यांनी 1936 साली शिशुविहार सुरू केला. तेथील माँटेसोरी पद्धतीत बक्षीसही नाही, छडीही नाही. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, तीही मुलाच्या हाताला येईल अशी. पाणी सांडले तर सांडणाऱ्यानेच फडक्याने पुसायचे. शिक्षा म्हणून नव्हे, पाणी सांडले म्हणून.

कोणी म्हणेल, आमची खोली ती केवढी! बी.डी.डी. चाळींतली खोली 160 चौरस फुटांची, आणि तीत अख्खे कुटुंब राहत असे. पण लहान खोलीत दप्तर वाटेत पडले तर रात्री अंथरूण घालता येत नाही, हे मुलाला सांगावे लागत नाही. त्याच्या खांद्याइतक्या उंचीवर एक खुंटी ठोका. थप्पड मारून दप्तर उचलायला लावले तर थप्पड लक्षात राहते, खुंटी राहत नाही.

आणखी एक. चपला मुलाने फेकायच्या आणि उचलायच्या त्याच्या बहिणीने, असे आपल्या घरांत होत नाही काय? अभ्यास तिलाही असतो.

आमच्याकडे दोन रुपये बंद झाले. चपला आठवडाभर विस्कटलेल्याच राहिल्या. एके सकाळी चिरंजीवांना एका पायाची चप्पल सापडेना, शाळेचा पहिला तास बुडाला. मी ती शोधून दिली नाही. त्याच्या अम्मीला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले.