कुट्टनाडला जाताना माणसं मोजकीच हवीत

केरळातल्या कुट्टनाडात भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली होते. बांधाच्या एका बाजूला कालव्याचं पाणी वर, दुसऱ्या बाजूला रोपं खाली. हे बघायचं तर लहान गटच बरा, कारण घरांच्या पायऱ्यांना चाटून जाणाऱ्या अरुंद कालव्यांत हाउसबोट शिरत नाही, मोजकी माणसं घेणारी छोटी नावच शिरते. जवळच्या अंबलप्पुळच्या कृष्णमंदिरातल्या पालपायसमलाही, म्हणजे दूध-तांदळाच्या खिरीच्या प्रसादालाही, झुंडीपेक्षा निवांतपणा मानवतो. लहान गट महाग पडतो, हा आक्षेप रास्तच. पण आलप्पुळा-कोट्टयम सरकारी बोट कुट्टनाडच्याच पाण्यातून जाते आणि तिचं तिकीट खिशाला परवडतं. हिरवी शेतं हवी असतील, तर डिसेंबर-जानेवारीत जा.