आगाशीची होळी
(अर्नाळा येथील व्याख्यानावरून)

अर्नाळ्याचा किल्ला पाहायला येणारा प्रवासी वाटेवरच्या आगाशीत थांबत नाही. सोळाव्या शतकात ही आगाशी जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. १५३० साली अँतोनियो द सिल्व्हेराच्या पोर्तुगीज आरमाराने सुरत व रांदेर ही धनाढ्य बंदरे लुटून जाळली. त्याच धाडसत्रात आगाशी आणि तिची जहाजेही भस्मसात झाली. सुरत पुढे सावरली, कारण व्यापाऱ्याचे भांडवल फिरते असते. परंतु तारू जळाले की नाखवा, खलाशी व सुतार यांचे उत्पादनाचे साधनच जाते. इतिहासकार लुटीची मोजदाद करतात, या हानीची नाही! १५३४ मध्ये हुमायूनच्या धास्तीने सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. तेव्हाही आगाशीच्या सुताराला कोणी विचारले नव्हते.