पोथी, सिंह आणि बाई
(अभ्यासवर्गातील भाषण)



सहाशे वर्षांपूर्वीच्या विलायती कवितेतली एक बाई आज मी तुमच्यापुढं उभी करणार आहे. चॉसर नावाच्या कवीनं १३८७ च्या सुमारास ‘कॅन्टरबरी टेल्स’ लिहायला घेतलं. १४०० साली तो मेला, काम अर्धवट राहिलं. यात्रेला निघालेली माणसं वाटेत गोष्टी सांगतात, असा त्याचा घाट. त्यात बाथ गावाकडची ॲलिसन. कापडाच्या धंद्यातली, दातांत फट, कानानं बहिरी. पाच नवरे झालेले, सहाव्यालाही ना नाही. तिची प्रस्तावनाच ८५६ ओळींची, गोष्टीच्या दुप्पट. बोलायला मिळालंय तर बाई पोटभर बोलून घेते.

पहिलं लग्न १२ व्या वर्षी. लग्नाचा हिशेब तिला तेव्हापासून पाठ. त्या काळच्या इंग्रज कायद्यात लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याच्या कब्जात. विधवा झाली की ती पुन्हा स्वतःची मुखत्यार. पहिले तिघे म्हातारे, पैसेवाले. त्यांच्याकडनं तिनं जमीनजुमला काढून घेतला. याला कुणी छिनालपणा म्हणेल. मी म्हणतो, जिथं बाईचाच सौदा होता, तिथं आपला भाव ती स्वतः ठरवू बघत होती.

पाचवा जॅन्किन. ऑक्सफर्डला शिकलेला, वय २०. तिचं ४०. त्याच्यावर जीव जडला, सगळी मालमत्ता त्याला देऊन बसली. हा रोज रात्री पोथी वाचायचा. बायका किती दुष्ट, याची पोथी! संत जेरोमसारख्या धर्मपंडितांचा माल. एका रात्री तिनं तीन पानं टराटरा फाडली, त्याला ठोसा हाणला. त्यानं उठून असा तडाखा दिला की तिचा कान कायमचा गेला. शेवटी घर-जमीन तिच्या हाती आली आणि पोथी तिनं त्यालाच जाळायला लावली. पोथी जाळणं म्हणजे काय, हे या सभेला सांगायला नको.

ती जुनी सिंहाची गोष्ट काढते. माणूस सिंहाला मारतोय, असं चित्र माणूस काढतो. सिंहाच्या हाती कुंचला असता तर? तसंच पोथ्यांचं.

आता तिची गोष्ट. आर्थर राजाचा एक सरदार वाटेनं एकट्या चाललेल्या पोरीवर बलात्कार करतो. कायद्यानं मुंडकं उडायचं. राणी मध्ये पडते: बाईला सगळ्यात जास्त काय हवं, ते वर्षभरात शोधून आण. एक म्हातारी उत्तर पुरवते, नवऱ्यावर सत्ता, आणि बदल्यात लग्न मागते. सरदार नाक मुरडतो. म्हातारी, कुरूप, वर हलक्या कुळाची! तेव्हा ती त्याला सुनावते, की कुलीनपणा बापजाद्यांच्या वारशात मिळत नाही, तो वागण्यातून येतो. १३८१ च्या शेतकरी बंडात जॉन बॉल हाच जन्माचा उच्चनीचपणा नाकारत फासावर गेला होता. इथं ही बाई मला आपली वाटते.

पण इथं थांबून चालणार नाही. शेवटी म्हातारी तरुण, सुंदर होते. म्हणजे बलात्काऱ्याला बक्षीस! आणि ती पोर? तिला नाव नाही, तिच्या तोंडी एक वाक्य नाही. माफी देताना तिला कुणी विचारलं नाही. आणि सिंहाचा सवाल करणारी ॲलिसनही बाप्याच्याच हातनं उतरलेली.

आपल्या अंकात अत्याचाराची कविता येते तेव्हा बघा, ती बाई बोलते, की तिच्या नावानं आपणच गर्जतो? तिच्यासाठी पान मोकळं सोडा. लिहील ती.